परवान्याआधीची पाटी

३ जून

ती. दादास,
शि. सा. न.

परीक्षा झाली एकदाची. घरं विकून देणाऱ्या एजंटाला परवान्यासाठी इतकं घोकावं लागतं हे ठाऊक असतं, तर मी या फंदात पडलेच नसते. आमचे मालक महिनाअखेर ऑफिस बंद करतायत. अकरा वर्षं त्यांच्याकडे लोकांच्या घरांच्या चाव्या सांभाळल्या. परवाना मिळाला तर स्वतःचं काम, नाही तर सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार?

तुझं घर विकायचं ते मीच. पण परवाना हातात येईपर्यंत एजंट म्हणून माझं नाव कुणापुढे काढू नकोस, तुला माझी शपथ.

माया आहेच, ती तशीच असू दे.
तुझी बारकी

८ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

शाळेतही तू पेपर झाला की रडायचीस आणि पहिल्या पाचात यायचीस. उगाच जीव काढू नकोस. इथे जिने चढून माझेच गुडघे कुरकुरतात, घर लवकर विकलेलं बरं.

चाळीस वर्षं लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, घरातल्या माणसाच्या नावाची एकही नाही. काल राहवलं नाही, डबे काढले. निळ्यावर पांढरं: ‘हे घर विकणे आहे’, खाली तुझं नाव आणि ‘परवानाधारक एजंट’. कुणापुढे नाव काढलेलं नाही, नुसतं रंगवलंय. परवान्याच्या नंबराची जागा कोरी सोडलीय. गॅलरीच्या कठड्याला बांधलीय, रविवारी येशील तेव्हा बघ.

तुझा दादा

१९ जून

ती. दादास,
शि. सा. न.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी पास झाले रे, पण तुझ्या पाटीचा फोटो कुणीतरी परवाना कार्यालयात पाठवला. परवान्याआधी जाहिरात केली म्हणून पंचवीस तारखेला खुलासा द्यायचाय. अर्ज फेटाळला तर दोन वर्षं पुन्हा करता येत नाही. आधी ती पाटी उतरव.

तुझ्यावर खूप ओरडायचं होतं, पण तुझं तोंड आठवलं की राग टिकत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

बारकी

२१ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पाटी कॉटखाली ढकलली. माझंच चुकलं गं. सोबत माझ्या सहीचा कागद आहे: पाटी मी रंगवली, बहिणीला काही ठाऊक नव्हतं. तूही तेवढंच सांग. रविवारी तू इथे आली होतीस हे आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत? झाकली मूठ. मला काय, म्हाताऱ्याला थोडंच फासावर देतायत!

पण तुझा परवाना गेला तर मी तुला तोंड कसं दाखवू?

दादा

२६ जून

ती. दादास,
शि. सा. न.

काल जाऊन आले. दीड तास बाकावर बसले, तुझा कागद पर्समध्ये. अधिकारी बाईंनी विचारलं, पाटी लागल्याचं तुम्हाला माहीत होतं का? कागद काढायला पर्स उघडली आणि सांगून बसले, होतं.

खरं सांगू? रविवारी उतरव म्हणायलाच आले होते. पण रस्त्याच्या पलीकडे उभी राहून तीनदा वाचली. अकरा वर्षांत त्या ऑफिसात साध्या पाकिटावरसुद्धा माझं नाव आलं नव्हतं. मग तुझ्याकडे जेवले, गप्पा मारल्या, पाटीबद्दल अक्षर न काढता परतले. बाईंना हे सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, नंबराची जागा कोरी का? म्हटलं, भाऊ पेंटर आहे, घाई करील, पण खोटा आकडा रंगवणार नाही. त्या हसल्या नाहीत. निर्णय टपालानं येईल म्हणाल्या. आता पोस्टमनची सायकल दिसली की हातातलं टाकून दारात धावते. रागावू नकोस.

बारकी

९ जुलै

ती. दादास,
शि. सा. न.

लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलला कायम राहणार. आणि दादा, त्याच पाकिटात परवाना! क्रमांक ४४१७. पाटी काढ कॉटखालून.

बारकी

१२ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

नंबर घातला. सातचा फाटा जरा हलला, डोळ्यांनी दगा दिला. तो पुसणार नाही.

सकाळपासून दोन जोडपी घर बघायला जिना चढून आली. दोघांनाही दारातूनच सांगितलं, माझ्याशी काही बोलू नका, एजंटबाईंना विचारा.

तुझा दादा