वजनकाट्यावर गाय आणि लक्ष्मीप्रिया

कुंभकोणम्, सोमवार

तीर्थरूप मामांना (लग्नापासून सासरेही झालात, तेव्हा दोन्ही नात्यांनी) एकोजीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींची साखर? तीन दिवस फोन कोणी उचलत नाही, म्हणजे तंजावरात सगळे खुशाल असणार असे धरून चालतो.

मी इकडे गुरे मोजतो आहे. गाईच्या छातीला फीत गुंडाळायची, फितीवरच किलो छापलेले. एवढ्यासाठी मी एम.एस्सी. केले. इन्नंबूरच्या गाईंनी दोन लाथा दिल्या (एक वर्मी). मालकिणी आकडा मोठ्याने वाचू देत नाहीत, गाईला दृष्ट लागते म्हणून. त्यात साहेबांची आज्ञा झाली, की फीत खरे बोलते का ते एक गाय खऱ्या काट्यावर घालून पाहा. परक्याला गाय कोण देतो? म्हणून तुम्ही लग्नात लक्ष्मीप्रियेला आंदण दिलेली घरचीच गाय चोळपुरम्‌च्या भातगिरणीवर, वजनकाट्याला नेली. आधी रिकामा टेंपो तोलला. मग गाय चढेना. रंगा ड्रायव्हरने शेपूट पिरगळली, मी केळी दाखवली (ती रंगाने खाल्ली). शेवटी लक्ष्मीप्रिया वर चढली, तशी ही बया मागोमाग. पण लक्ष्मीप्रिया उतरू लागली की गाय हंबरून उडी मारायला बघे. झाले, दोघींना एकत्र तोलले.

राहिली वजाबाकी. मी लक्ष्मीप्रियेला तिचे वजन विचारले. ती गिरणीच्या धुराड्याकडे पाहत राहिली. तीनशे गाई नजरेखालून गेलेला माणूस मी. अदमासाने आकडा काढला आणि कारकुनाला ओरडून सांगितला. इथेच माती खाल्ली. घरचे गुपित चारचौघांत मराठीत बोलावे, म्हणजे कोणाला कळत नाही, हा आपल्या घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. मी ओरडलो तमिळमध्ये. भात घेऊन आलेले चाळीस जण वळून पाहू लागले. एक म्हातारा म्हणाला, जास्तच असेल. “गाईस दृष्ट लागते, मला लागत नाही का?” एवढे (मराठीत) बोलून तिने तंजावरची बस धरली.

आकडा इथे लिहीत नाही. चुकलो, मामा. तिच्यावाचून घर खायला उठते. गाय मला कासेला हात लावू देत नाही. लक्ष्मीप्रियेला समजावून धाडा.

तुमचा भाचा (आणि अजून असल्यास जावई),
एकोजी

ता. क. पहिल्या तोलाला रंगा कॉफी प्यायला उतरला होता, दुसऱ्याला आत बसून होता. हे त्याने आज हसत सांगितले. सगळे वजन बाद. गुरुवारी पुन्हा काटा आहे आणि गाय लक्ष्मीप्रियेशिवाय चढत नाही. बुधवारपर्यंत धाडाच.

दुसरा ता. क. वरचा ता. क. तिला दाखवू नका. कारण विचारलेच, तर विरह म्हणा.