घाणेवाल्याच्या घरचे कारळे

प्रति,
मा. सहायक संचालक,
कौटुंबिक अन्नवापर पाहणी (तेलबिया व खाद्यतेल),
विभागीय कार्यालय, कोल्हापूर.

अर्जदार : ईरप्पा तेली, धंदा तेलघाणा (मोटारीवरचा), रा. कळंबा.

विषय : दि. १६ जानेवारी २००० रोजी अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने दिलेली खोटी माहिती रद्द होऊन खरी माहिती पाहुण्यांसमक्ष वाचून दाखविली जाणेबाबत.

संदर्भ : आपले फेरपाहणीचे पत्र, दि. १२ फेब्रुवारी २००१.

महोदय,

१. खोटे बोलून अर्जदाराला काय मिळणार होते, ते आधी नमूद करणे रास्त होईल. एक शिकलेला जावई, नाव वीरेश. कुरुंदवाडच्या त्याच्या घरात मुलगी शांभवी हिला मान. आणि घाणेवाल्याच्या घरी तेलाला काय तोटा, असा व्याह्यांचा समज. तिन्ही मिळाले. त्याबद्दल काही म्हणणे नाही. प्रस्तुत तक्रार अर्जदाराची अर्जदाराविरुद्ध आहे.

२. सदर रविवारी वीरेशचे वडील बसगोंडाअण्णा शांभवीला पाहायला सहकुटुंब आले होते. पोह्यांच्या बशा हातात असतानाच आपले पाहणी कर्मचारी श्री. कृष्णात दप्तर घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. "उद्या या" म्हणायला हवे होते. परंतु सरकार आपल्या घरचे खाणे लिहून घ्यायला आले आहे, हे पाहुण्यांनी बघितलेले बरे, असे मनात येऊन अर्जदार म्हणाला, "या की साहेब, बसा. आमच्यात झाकण्यासारखं काय न्हाय." हे त्या दिवसाचे पहिले खोटे. ते आपल्या तक्त्यात आलेले नाही.

३. श्री. कृष्णात यांचा आवाज खणखणीत. त्यांनी विचारले, "गेल्या तीस दिवसांत शेंगतेल किती खाल्लं, मालक?" अर्जदार उत्तरला, "बारा किलो." वस्तुस्थिती अशी की शेंगतेल दीड किलो, तेही पै-पाहुण्यांच्या फोडणीपुरते. बाकी साडेचार किलो रेशनचे पामतेल. अर्जदाराची पत्नी गौराबाई ते घाण्याच्या डब्यात ओतून ठेवते, म्हणजे शेजारणीला कळत नाही. पुढे शेंगदाणे आठ किलो सांगितले, खरे दोन. तीळ तीन किलो सांगितले, खरे अर्धा, संक्रांत नुकतीच झाली म्हणून. सूर्यफूल, सोयाबीन यांची नावे निघताच अर्जदाराने हात झटकला, "असली तेलं आमच्यात चालत न्हाईत." बसगोंडाअण्णांनी मान डोलावली. ती डोललेली मान पाहून अर्जदार सुटला.

४. मग प्रश्न आला, "कारळं?" महोदय, अर्जदाराच्या घरी कारळ्याची चटणी दोन्ही वेळेला असते. गगनबावड्याकडचे कारळे आणून गौराबाई ते स्वतः भाजते, लसूण-मीठ घालून कुटते. शांभवी त्या चटणीवर वाढली. परंतु त्या क्षणी तो काळा गोळा अर्जदाराला गरिबाचा वाटला आणि तो हसून म्हणाला, "कारळं व्हय? ते आमच्यात जनावरास्नी घालत्यात." श्री. कृष्णात यांनी मागचे पान उलटले. त्यावर त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी लिहिले होते : जनावरे, निरंक. त्यांनी अर्जदाराकडे पाहिले, पाहुण्यांकडे पाहिले आणि कारळ्यापुढेही निरंक लिहिले. माणूस भला. पाहुणे गेल्यावर गौराबाई एवढेच म्हणाली, "पोरीच्या ताटातली चटणी जनावराला घातलीसा की हो."

५. मे महिन्यात लग्न झाले. त्यानंतर शांभवीच्या पत्रांतून उघड झाले की कुरुंदवाडच्या घरीही रोज कारळ्याची चटणीच असे. सून आली आणि बंद झाली. सासूबाईंना शांभवी अत्ती म्हणते. ती लिहिते, "अत्ती चुलीकडं तोंड करून चटणी खातात. मी आले की पदराखाली झाकतात. मीही न बघितल्यासारखं करते." दिवाळीला ती माहेरी आली, पण वीरेश बरोबर होता, म्हणून गौराबाईने चटणीचा डबा माळ्यावर टाकला. डिसेंबरात आपली पाहणी कुरुंदवाडच्या त्याच घरी गेली. सून दारात उभी. बसगोंडाअण्णांनी शेंगतेल चौदा किलो सांगितले (अर्जदारापेक्षा दोन जास्त), आणि कारळे म्हणताच म्हणाले, "छ्या! घाणेवाल्याची लेक दिल्या घरात कारळं कुठलं!" निरंक.

६. निवडलेले एक घर चार हजार तीनशे घरांच्या वतीने धरतात, असे श्री. कृष्णात सांगतात. म्हणजे दोन बापांच्या ऐटीपायी आठ हजार सहाशे घरांतले कारळे एका वर्षात कागदावरून उठले. देशाचा तेलबिया खाण्याचा कल कसा बदलतो आहे, याचे कारण दिल्लीत कोणी विद्वान पावसाच्या आकड्यांत शोधत असेल. त्यांस कळवावे की कारण कळंब्यात राहते.

७. शांभवीला आता पाचवा महिना आहे. आईला ती अव्वा म्हणते. ती लिहिते, "अप्पा, दुसरं काही नको वाटतंय. भाकरी आणि अव्वाच्या हातची कारळ्याची चटणी. पण मागू कोणत्या तोंडानं? जनावरं खातात म्हणालासा की तुम्ही." अर्जदार डबा घेऊन दोनदा गेला. पहिल्या खेपेस व्याह्यांनी शेंगतेलातली भजी पुढे केली. कबुलीसाठी उघडलेले तोंड भज्याने भरले. दुसऱ्या खेपेस अर्जदार कुरुंदवाडच्या एस.टी. स्टँडवरूनच माघारी आला. डबा मांडीवर होता. तो कोणी पाहू नये म्हणून वर टोपी ठेवली होती.

८. सबब विनंती की, अर्जदाराच्या घरी तराजू घेऊन होणारी फेरपाहणी रद्द करून श्री. कृष्णात यांस कुरुंदवाडला व्याह्यांच्या घरी सोप्यात पाठवावे. खरे आकडे त्यांनी त्याच आवाजात वाचावेत, पामतेलासकट. अर्जदार समोर बसून प्रत्येक आकड्याला "व्हय" म्हणेल. स्वतः सुरुवात करण्याची त्याची छाती नाही, हे दोन खेपांत सिद्ध झाले आहे. होईल तो दंड मान्य. फक्त सातवा महिना लागण्यापूर्वी व्हावे.

आपला नम्र, आणि आपल्या तक्त्याचा अपराधी,
(सही) ईरप्पा तेली
कळंबा, दि. ५ मार्च २००१

सोबत :
१. खऱ्या आकड्यांचा तक्ता, गौराबाईने तपासलेला.
२. शांभवीचे पत्र. वाचून परत मिळावे.
३. कारळ्याची चटणी, एक डबा. हा नमुना समजून मोजू नये. श्री. कृष्णात यांनी कुरुंदवाडला जाताना न्यावा.
४. परिच्छेद १ मधील लाभाची किंमत कोणी दिली, त्याचा गोषवारा :
अर्जदार : दोन एस.टी. खेपा आणि खाली गेलेली मान.
गौराबाई : माळ्यावर लपवलेला एक डबा.
कुरुंदवाडच्या अत्ती : स्वतःच्या घरात चुलीकडे तोंड करून जेवण.
शांभवी, जी त्या दिवशी एक शब्दही बोलली नव्हती : दहा महिने. कारळे, निरंक.