अनुक्रमांक ४१ मधले साडेतीन किलो

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कामवारी धर्मादाय रुग्णालय,
वेदनाशमन बाह्यरुग्ण विभाग,
भिवंडी, जि. ठाणे.

विषय : कै. केसरीनाथ हिरू केणे (वय ६८, रा. मानकोली) यांच्या वजनाच्या, आहाराच्या व आणखी एका रकान्यातील खोट्या नोंदी दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाची आहार-नोंदवही, सन २००६, अनुक्रमांक ४१.
२) अर्जदाराचा दि. १० एप्रिल २००६ चा अर्ज, जो दि. १२ रोजी परत मिळाला.

आदरणीय अधीक्षक महोदय,

१. रविवार, दि. २६ मार्च हा अर्जदाराच्या घरातला शेवटचा साधा दिवस. म्हणून सुरुवात तिथून केली आहे. त्या सकाळी केसरीनाथ, म्हणजे अर्जदाराचे वडील, ज्यांना घरात दादा म्हणत, ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. गोदामांकडे वळणारे ट्रक बघून ते सवयीने मोजत होते : हा भरून चालला, हा रिकामा, ह्याच्या मागच्या चाकावर भार जास्त हाय. मध्येच त्यांनी सुका बोंबील भाजायला सांगितला. भूक परतली असे वाटून अर्जदार चुलीकडे जवळजवळ धावली. ताटली समोर ठेवल्यावर ते म्हणाले, "खायाला न्हाय गो बाय. नुसता वास पायजे व्हता." तरी अर्जदाराने बोंबील पेजेत कुस्करला आणि चमचा पुढे केला. चार चमचे गेले. पाचव्याला ते म्हणाले, "पुरं झालं गो बाय." अर्जदार म्हणाली, "अजून दोनच." त्यांनी तोंड उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अर्जदार पडघ्याला गेली. तिथल्या माध्यमिक शाळेत ती ग्रंथपाल आहे. सव्वाअकरा वाजता दादा वारले. जवळ शेजारच्या रंगूबाई होत्या.

२. अर्जदाराच्या खात्यावर बावीस दिवसांची रजा शिल्लक होती व आजही आहे. ती मे महिन्यासाठी राखून ठेवली होती. कशामुळे, ते पुढे येईल.

३. पहिला अर्ज अर्जदाराने साध्या बोलीत लिहिला होता. आपले लिपिक श्री. नामा यांनी तो वाचून परत दिला. म्हणाले, "बाई, हे पत्र झालं. अर्जात मी-मी नसतं. 'अर्जदार' लिहा, म्हणजे साहेब शेवटपर्यंत वाचतील." वैद्यकीय नोंदीत दुरुस्ती हवी असेल तर रुग्णाने स्वतः सही करावी लागते, असा नियमही त्यांनी वाचून दाखवला. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला आणि त्यांनी वही मिटली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. रुग्णाची सही मिळण्यासारखी नाही, म्हणून मुलीची चालवून घ्यावी.

४. दादांना जठराचा कर्करोग होता आणि तो यकृतापर्यंत गेला होता. परळच्या डॉक्टरांनी डिसेंबरात सांगितले की आता बरे होणे नाही, दुखणे कमी ठेवता येईल. त्यासाठी ११ जानेवारीपासून एक आड एक बुधवारी ते आपल्या विभागात येऊ लागले. डॉ. निशा तिथे एक वही ठेवतात. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचे वजन किती उतरले, दंडाचा घेर किती राहिला, पोटात काय जाते, तो किती हिंडतो-फिरतो, हे त्या दर खेपेला लिहून घेतात. त्यावरून हाती किती दिवस आहेत याचा अदमास येतो आणि घरच्यांना वेळेत सांगता येते, असे त्यांनी पहिल्याच दिवशी समजावले. त्यांचे आणखी एक वाक्य अर्जदाराने डायरीत उतरवून घेतले होते : "तुळजाताई, तुम्ही कमी भरवता म्हणून ते वाळत नाहीयेत. हा आजारच शरीराला आतून खातो आणि भूकही मारतो. भरवून दिवस वाढत नाहीत, त्यांचे हालच वाढतात."

अर्जदाराचे वाचन बऱ्यापैकी आहे. वाक्य तिला पहिल्या खेपेला समजले. त्या दिवशी घरी जाऊन तिने नाचणीचे सत्त्व केले.

५. आता वजनाचा रकाना. ११ जानेवारीस ५१ किलो, २५ जानेवारीस ४९, ८ फेब्रुवारीस ४७. या तीन नोंदी खऱ्या आहेत. पुढे २२ फेब्रुवारी, ८ मार्च आणि २२ मार्च या तिन्ही दिवशी वजन ४७ लिहिले आहे. या तिन्ही नोंदी खोट्या आहेत. खरे वजन अनुक्रमे ४६, ४५ आणि साडेत्रेचाळीस होते. आपला काटा बरोबर आहे. वजन घेणाऱ्या हफसा सिस्टरांचीही चूक नाही. काट्यावर जे उभे राहिले ते त्यांनी लिहिले.

६. दादांनी एकतीस वर्षे भिवंडीत गुलाम हुसेन शेठ यांच्या सुताच्या गोदामात काटा सांभाळला. सुताची गोण हाताने किंचित उचलून ते वजन सांगत आणि मग काटा तेच सांगे. फेब्रुवारीच्या शेवटापासून, ऊन तापू लागले तरी, ते रुग्णालयात येताना जाड बंडी घालू लागले. काट्यावर चढताना सिस्टर त्यांचा दंड धरायला पुढे झाल्या की म्हणत, "हात नका लावू. काट्यावरच्या मालाला कुणी हात लावत न्हाय." सिस्टर हसत आणि म्हणत, "चाचा, तुमच्या काट्यावर किती रुबाब असेल!" अर्जदारही हसे. परतताना रिक्षात ते डोळे मिटून पडत. अर्जदार समजे, उन्हाने थकले.

दादा गेल्यावर दहाव्या दिवशी रंगूबाईंनी धुण्यासाठी खुंटीवरची बंडी ओढली आणि ती त्यांच्या पायावर पडता पडता राहिली. त्या ओरडल्या, "बाय, तुझ्या बापसानं बंडीत दगडं भरलीत काय?" आत चार खिसे शिवलेले होते, दुहेरी सुताने, जाड जाड टाक्यांनी. त्यांत लोखंडी मापे होती : एक-एक किलोची तीन, अर्ध्या किलोचे एक. प्रत्येकावर सरकारी तपासणीचा शिक्का.

तेराव्याला गुलाम हुसेन शेठ आले. अर्जदाराने मापे त्यांच्यापुढे ठेवली. मग शेठ जे बोलले ते अर्जदाराने त्याच दिवशी लिहून ठेवले आहे. दर दुसऱ्या मंगळवारी, अर्जदार शाळेत असताना, दादा त्यांना निरोप धाडत. शेठ गाडी पाठवत. दादा गोदामातल्या मोठ्या काट्यावर बसत, वजन बघत आणि ४७ ला जेवढे कमी पडेल तेवढी मापे मागून नेत : आधी एक किलो, मग दोन, शेवटी साडेतीन. शेठ म्हणाले, "बेटी, मी म्हटलं त्याला, केसरीनाथ, ये तो अपने धंदे में हराम है. तर तो मलाच म्हणतो, शेठ, एकतीस वर्षं तुमच्या काट्यावर एक ग्राम इकडचा तिकडं केला न्हाय. आता माझाच माल कमी भरतोय. पोरगी आधी काट्याकडं बघते, मग माझ्या तोंडाकडं. काटा उतरला का घरी वाटी वाढते. काटा थांबला तर तिचा हात थांबेल." एवढे सांगून शेठ उठले. मापे परत न्यायला तयार झाले नाहीत.

महोदय, शेठ म्हणाले ते खरे आहे. ८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी अर्जदाराने एकाच्या दोन वाट्या केल्या होत्या. २२ फेब्रुवारीस वजन ४७ वर थांबलेले पाहून दादा रिक्षात म्हणाले होते, "बघ, उतरला न्हाय. आज निम्मीच दे." अर्जदाराने त्या दिवशी निम्मी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण, कारण जे थांबले ते वाढेलही असे तिला वाटले. पुढच्या दोन्ही खेपांनाही तसेच झाले. म्हणजे साडेतीन किलो लोखंड अंगावर वागवून त्या माणसाने पेजेच्या तीन निम्म्या वाट्या मिळवल्या.

७. आहाराच्या रकान्यातील खोट्या नोंदी अर्जदाराच्या आहेत. हफसा सिस्टर विचारत, "पंधरा दिवसांत रोज साधारण काय गेलं?" अर्जदार सांगे, दोन वाट्या पेज, एक अंडे, दुपारी थोडा भात. खरे पाहता मार्चमध्ये दिवसाकाठी सात-आठ चमच्यांपलीकडे काही जात नव्हते. सात-आठ चमचे म्हटले तर समोरचा माणूस मनात म्हणेल, मुलगी घरी असून बापाला उपाशी ठेवते, अशी भीती होती. सिस्टरांनी तसे कधी सुचवलेही नाही. दादा शेजारीच बसलेले असत. त्यांनी अर्जदाराला एकदाही खोटे पाडले नाही. आता लक्षात येते की त्यांना ते सोयीचे होते. वजनाचा रकाना आणि आहाराचा रकाना एकमेकांशी तंतोतंत जुळतात ते यामुळे. दोघे आपापल्या जागी खोटे बोलत होते.

८. खरा राहिला तो दंडाचा घेर. जानेवारीत २१ सेंटिमीटर, २२ मार्चला साडेसतरा. दंडाला खिसा शिवता येत नाही. डॉ. निशा यांनी त्या साडेसतराच्या पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. त्या दिवशी त्यांनी अर्जदाराला बाजूला घेऊन विचारलेही, "दंड उतरतोय आणि वजन जागच्या जागी. पोटात पाणी झालं तर वजन टिकतं, पण तसं वाटत नाही मला. खाणं नक्की तेवढंच आहे ना?" अर्जदार म्हणाली, "हो." तेव्हा त्या म्हणाल्या, "मग अजून दोनेक महिने धरायला हरकत नाही. रजा आत्ता नका संपवू, मे महिन्यात जास्त लागेल." डॉक्टरांचा यात काडीचा दोष नाही. ते प्रश्नचिन्ह कृपया खोडू नये.

९. विषयात "आणखी एक रकाना" असे लिहिले आहे, तो हा. वहीत अगदी शेवटी "रुग्णास सांगितले : होय / नाही" असा उभा रकाना आहे. पहिल्या बुधवारी डॉ. निशा म्हणाल्या होत्या, "घरी गेल्यावर शांतपणे एकदा त्यांना सांगा, नाही खाल्लं तरी चालेल म्हणून. हे आमच्या तोंडून ऐकून त्यांना पटत नाही. भरवणाऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं." पुढच्या खेपेला हफसा सिस्टरांनी पेन उचलून विचारले, "सांगितलं ना, ताई?" अर्जदार म्हणाली, "सांगितलं." सिस्टरांनी "होय" वर गोल केला. ही नोंद सर्वांत खोटी आहे. अर्जदाराने सांगितले नव्हते. २५ जानेवारीस नाही, त्यानंतर दोन महिन्यांत नाही, २६ मार्चच्या पाचव्या चमच्यालाही नाही. शब्द माहीत होते. पण ते म्हणणे म्हणजे आपल्या हाताने दार लावून घेणे, असे तिला वाटे.

१०. मयताच्या नोंदीत आता फेरफार करून काय साधणार, असे श्री. नामा यांनी विचारले होते. त्याचे उत्तर असे. डॉ. निशा याच वहीवरून पुढच्या माणसांना दिवस सांगतात. अनुक्रमांक ४१ तसाच राहिला, तर वजन तीन खेपा स्थिर आणि आहार चांगला असलेला माणूस पाचव्या दिवशी गेला, असे ती वही म्हणेल. नाहीतर असा आकडा वेडावाकडा म्हणून बाजूला टाकतील, आणि दादा कुठेच उरणार नाहीत. दोन्ही अर्जदाराला मान्य नाही. अनुक्रमांक ६०ची कोणी मुलगी असेल. तिने तिची रजा वेळेत घ्यावी.

तरी विनंती की,
(अ) वजनाच्या शेवटच्या तीन नोंदींतून अनुक्रमे एक, दोन व साडेतीन किलो वजा करावेत. शक्य असल्यास समासात "फरक लोखंडाचा" असे लिहावे. "रुग्णाने फसवले" असे लिहू नये. एकतीस वर्षे काट्यावर काढलेल्या माणसाच्या नावापुढे तो शब्द नको.
(आ) आहाराच्या नोंदी अर्जदाराच्या डायरीप्रमाणे कराव्यात. चमच्यांचा हिशोब तिने घरी खरा लिहिला होता.
(इ) मापे पुरावा म्हणून आपल्या काट्यावर ठेवून पाहावीत. ती साडेतीन किलोच भरतील. नंतर ती गुलाम हुसेन शेठ यांच्याकडे पोचवावीत, अर्जदाराकडून ते घेत नाहीत.
(ई) शेवटच्या रकान्यातील "होय" खोडून "नाही" करावे, आणि त्यापुढे खाली दिलेली तारीख घालावी.

सोबत : १) अर्जदाराची डायरी, ११ जानेवारी ते २६ मार्च. २) लोखंडी मापे, नग चार. (बंडी जोडलेली नाही. ती देता येणार नाही.)

निवेदन : अर्जावर सही करण्याआधी तो एकदा मोठ्याने वाचावा, चुका कानाला सापडतात, असे श्री. नामा यांनी सांगितले होते. त्याप्रमाणे आज सोमवारी संध्याकाळी हा अर्ज ओटीवर बसून वाचला. रंगूबाई समोर तांदूळ निवडत होत्या, त्या साक्षीला आहेत. नवव्या परिच्छेदाशी वाचन थांबले. दादा टेकून बसत तिथे भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. तिकडे वळून पुढचे शब्द बोलले गेले. ते "अर्जदार" या नावाने बोलता येईनात, तेवढ्यापुरती नियमातून सूट असावी. मी म्हणाले,

"दादा, पुरं झालं. आता नको खाऊस. बघ, वाटी खाली ठेवली मी."

सांगितले. दि. १७ एप्रिल २००६. मृत्यूनंतर एकविसाव्या दिवशी.

नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा असलेली,

तुळजा केसरीनाथ केणे
मानकोली, ता. भिवंडी