शिवदासांच्या पेनाची पेन्सिल

१२ जानेवारी, शुक्रवार
संपलं एकदाचं! या पेन-पेन्सिलीच्या सेटात माझ्या हातचं काय काय आहे ते आधी इथे लिहितो, मग चिठ्ठीवर उतरवीन. चिठ्ठी नेहमीसारखी डबीत, अस्तराखाली.

पेनाची शाईची रबरी पिशवी, लाखेने बसवलेली. शाई भरायच्या तरफेची पितळी पट्टी. टोपणाच्या कड्याचा तीन मिलीमीटरचा तुकडा. डबीचं मखमली अस्तर.

आणि पेन्सिल. अख्खी! दांडी, टोक, क्लिप, वरची टोपी, शिसं पुढे सारणारा आतला पीळ — सगळं. तशाच हिरव्या पट्ट्यांची दोन फुटकी पेनं मिळाली होती, ती कापून, जोडून लेथवर उतरवली. पट्ट्याला पट्टा मिळेना म्हणून तीनदा मोडली. साडेपाच महिने. जुन्या पेनांचं सेल्युलॉइड कापताना कापराचा वास सुटतो. आश्लेषा म्हणते, "शेजाऱ्यांना वाटतं आपल्याकडे दिवसभर आरतीच चालते."

पेनावर 'शि. गो.' अशी अक्षरं आहेत. इतर लोक असं नाव घासून काढतात, भाव वाढतो म्हणून. मी नाही काढत. उलट तीच अक्षरं पेन्सिलीवर कोरली. खाचेत चहाचं पाणी मुरवलं. ऐंशी वर्षांची दिसते!

हे मला कोणी शिकवलेलं नाही. कंपनीत फिटर होतो, तेवढंच.

१४ जानेवारी, रविवार
पेनवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. चिठ्ठीचा नाही टाकला. आश्लेषाने विचारलंच, "आधी का नाही सांगत?" म्हटलं, घेणाऱ्याला सांगतोच की. आधी बघू दे, कोणी ओळखतं का.

चाळीस जणांनी वाहवा केली. एकाने लिहिलं, "अस्सल सेट! पेन्सिलीसकट!" मी काही उत्तर दिलं नाही. म्हणजे खोटंही बोललो नाही.

१६ जानेवारी, मंगळवार
उलव्याहून कुणा ऋत्विकचा फोन. "मार्तंड सर ना? पेन्सिल ओरिजिनल आहे का?" पेनाबद्दल अवाक्षर नाही! म्हटलं, चौलला या, बघा.

२१ जानेवारी, रविवार
आला. तिशीचा, गाडी घेऊन. बूट काढून नीट भिंतीला लावले. इथपर्यंत ठीक.

पण पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही त्याने! मी कागद पुढे केला, "लिहून बघा." — "नको सर, राहू दे." पेन घ्यायला आलेला माणूस लिहून बघत नाही? मग पेन्सिल उचलली. मोबाईलच्या उजेडात धरली. फिरवली. पुन्हा फिरवली.

"सर, हे नाव कोणी टाकलं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तर रीसेंट वाटतंय."

 चाळीस जणांत एकालाही कळलं नाही, याला कसं कळलं? नंतर न विचारता चार फोटो काढले. पेन कोणाकडून घेतलं ते दोनदा विचारलं. मी नाव सांगितलं नाही. बोलताना त्याचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. रेकॉर्डिंग करत होता की काय?

२२ जानेवारी, सोमवार
दिवसभर हाताला काम लागलं नाही. मुंबईचा तो कमलेशभाई, जोडतोड करून सेट विकणारा — त्यानेच पाठवला असणार. माझी पेन्सिल कशी होते ते बघून ये म्हणून. दुसरं काय?

आश्लेषाचं वेगळंच. "अहो, तो मुलगा स्वतःचा कप विसळून ठेवून गेला. चोर कप विसळतो का?"

"हुशार चोर विसळतो."

"मग तुम्ही कधीच चोर नव्हता," म्हणाली!

२५ जानेवारी, गुरुवार
स्कूटर काढली आणि रामराज गावाच्या पुढे मनुबाईंच्या घरी गेलो. पेन त्यांनीच मला गेल्या पावसाळ्यात विकलं होतं. सासऱ्यांचं, शिवदास गोविंद यांचं. बंदरावर कारकून होते. म्हातारी भाताच्या कणग्यापाशी बसली होती. म्हटलं, ऋत्विक नावाच्या कुणाला माझ्याकडे पाठवलंत का?

"ऋत्विक? आमच्या धाकल्या दिराचा नातू. मी कशाला धाडीन? चव्वेचाळीस वर्सं त्यांच्या दारचं पानी प्याले न्हाय मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वाटणीत माड मोजले, शेत मोजलं, भांडी मोजली. शेवटी ही डबी राहिली. "आमचे ह्ये म्हनले मला पायजे, धाकला म्हनला मला पायजे. पंचांनी डबी उघडली. पेन ह्यांना दिला, पेन्शील त्याला. त्या दिसापास्नं बोलनं न्हाय."

"मनुबाई, मी विचारलं तेव्हा तुम्ही पेन्सिल नाही म्हणालात!"

"न्हायच म्हनले. माज्याकडं न्हाय. दिराच्या घरात हाय, ह्ये तुला कशाला सांगू?"

येताना स्कूटर दोनदा थांबवली. म्हणजे खरी पेन्सिल त्याच्या घरात आहे. आणि मी त्याच्या पणजोबांचं नाव कोरलेली दुसरीच त्याच्या हातात दिली! मी त्याला चोर समजत होतो, तो मला.

२७ जानेवारी, शनिवार
ऋत्विकला फोन केला. दुसरं काही न बोलता चिठ्ठी वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून.  मग म्हणाला, "काका, सॉरी. मला वाटलं तुम्ही फसवताय." आजवर सर होतो, आज काका झालो.

त्याचे आजोबा एक्याऐंशीचे. अंथरुणावर आहेत. ग्रुपवरचा फोटो त्यानेच त्यांना दाखवला. तेव्हापासून एकच धोशा — दोन्ही एकदा एका डबीत बघायचंय. भावाशी भांडलो ते चुकलं, असंही म्हणाले म्हणे.

उद्या पेन्सिल घेऊन येतोय. आश्लेषा खूश. नारळाच्या वड्या करायला घेतल्यात.

२८ जानेवारी, रविवार
शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून पेन्सिल. मागच्या वेळीही खिशात तीच होती!

क्लिप वाकलेली. टोपीवर दातांच्या खुणा. पट्टे मळलेले. आणि नाव? नाही. नावच नाही! कारकुनाने नाव फक्त पेनावर घातलेलं. माझ्या पेन्सिलीवरची ती दोन अक्षरं माझ्या डोक्यातून आलेली. मापाची पट्टी लावली — माझी दीड मिलीमीटर जास्त लांब. कोणाला दिसणार नाही. मला दिसतं.

तिन्ही ओळीने ठेवली. खरं सांगायचं तर पेनाला माझीच शोभते. आश्लेषाला विचारलं.

"दिसायला तुमचीच छान."

"पण?"

"पण काही नाही. वडी घे ना रे, ऋत्विक."

तो म्हणाला, "काका, तुमचं काम एक नंबर आहे, कसम से. पण मला फक्त पेन द्या. किंमत तुम्ही बोलाल ती. तुमची पेन्सिल तुमच्याकडेच राहू दे."

राहू दे! म्हटलं, पुढच्या रविवारी या.

३१ जानेवारी, बुधवार
डबीतून पेन काढून ठेवलं आणि नुसती माझी पेन्सिल ठेवून झाकण लावलं. हलवलं की आत खुळखुळते. एकटं पेन लोक घेतात. एकटी पेन्सिल कोणी घेत नाही. वीस वर्षांत एकानेही घेतली नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
आश्लेषाने जेवताना विचारलं, "पेन द्यायचंय ना त्याला?"

"द्यायचंच आहे. त्यात विचारायचं काय!"

निब धुतली. निळी शाई भरली. कागदावर ओढून बघितली, अडकत नाही. म्हाताऱ्याचा हात कापत असेल, म्हणून तरफ थोडी सैल केली.

४ फेब्रुवारी, रविवार
ऋत्विक आला होता. त्याला म्हटलं, पेन विकलं गेलं, काल कुरिअरने गेलंसुद्धा. पेन आतल्या कपाटात होतं, डबीत, माझ्या पेन्सिलीशेजारी; आता डबी खुळखुळत नाही. आश्लेषा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिने ऐकलं. त्याने पुढे केलेलं पाकीट परत खिशात ठेवलं. नुसत्या पेनाचे पासष्ट हजार आणले होते त्याने.