शेजारच्या पेशी

प्रिय विजया,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच ठेवून देऊ नकोस. तुला एक विनंती करायची आहे, पण शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवल्याप्रमाणे आधी खुशाली.

आम्ही आता कोलकात्यात न्यू टाउनला राहतो. हे गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झाले, पण घरात इन्स्पेक्शन चालूच असतं. आणि मला उजव्या हातावर कोड आलंय, तुझं होतं तस्संच. डॉक्टर म्हणतात, रंग तयार करणाऱ्या पेशी एकट्यानं तग धरत नाहीत. शेजारच्या पेशी त्यांना ग्रोथ फॅक्टर पुरवतात, त्यावर त्या टिकतात. कोडात शरीर त्यांच्यावर उलटतं, आणि त्यातच शेजारणींनी हात आखडता घेतला की संपलंच. म्हणून दर महिन्याला माझं रक्त काढून गरगर फिरवतात आणि त्यातला ग्रोथ फॅक्टरवाला भाग मलाच टोचतात. हे म्हणाले, पार्सल पाठवणारी तूच आणि सोडवून घेणारीही तूच. शिवाय उजेडाचा शेक. खात्री कोणी देत नाही. बोटं हट्टी आहेत, पण मनगटाजवळ मोहरीएवढे चार तपकिरी ठिपके उगवलेत. मी त्यांना रोज चष्मा लावून भेटते.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कुंकू लावायचं काम माझ्याकडे होतं. सुनेचं, भाग्यश्रीचं, फाउंडेशन मी बोटांना फासून गेले. ते सुटत गेलं. अर्ध्या तासात वीसेक कपाळांवर हळद, कुंकू आणि शेजारी माझा तपकिरी शिक्का. बोटं मात्र पांढरीशुभ्र. रांगेतल्या दोघी, आम्ही घरून लावून आलोय म्हणत मागे सरकल्या. तेवढ्यात ऐंशीच्या प्रेमलताबाई कपाळ पुसून पुन्हा समोर आल्या. म्हणाल्या, "परत लाव गं. हा रंग मला शोभत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन रडले.

कारण त्या मागे सरकणाऱ्या दोघींत मला मीच दिसले. आठवीत मी सिस्टरना सांगितलं होतं की मागून फळा दिसत नाही, आणि तुझ्या शेजारून उठून पहिल्या बाकावर गेले. तू वर्षभर तुझ्या डब्यातलं गाजर मला पाठवत राहिलीस, डोळ्यांसाठी. मी ते खाल्लंही. विजया, फळा मला स्वच्छ दिसत होता. चैत्रात हळदीकुंकू आमच्याच घरी आहे. येशील? पहिलं कुंकू तुझ्या हातून लावून घ्यायचंय. गाजरं मी आणून ठेवते.

तुझीच, जागा सोडून गेलेली,
मृणाल