फथोनीने पुसलेल्या ओळी

अल्लाहच्या नावाने. मी न्याइ रुकाय्याह, मदरशाचे दिवंगत प्रमुख किआइ मुश्लिह यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार केदुंगवारु, जिल्हा केदिरी, जावा बेट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. गुडघे गेले आहेत, स्मरण शाबूत आहे.

१. घर, अंगण व मागची नारळाची झाडे यांचे तीन हिस्से करून दोन माझा एकुलता मुलगा फथोनी याचे. शरियतच्या आड मी येत नाही, मनात कितीही असले तरी.

२. शरियत मृत्युपत्राने देऊ देते तो तिसरा हिस्सा, म्हणजे स्वयंपाकघर व त्यापुढची पडवी, माझी सून इस्तिकोमा हिला द्यावा. शिलाई मशीनही तिलाच. त्याचा पट्टा सैल आहे, तिला ठाऊक आहे.

३. माझ्या वडिलांची पोथी फथोनीला द्यावी. का, ते लिहून ठेवते. आमच्या मदरशात अरबी ओळीखाली प्रत्येक शब्दाचा जावानीज अर्थ बारीक, तिरक्या अक्षरांत लटकवतात. या पोथीत माझे वडील, माझे यजमान आणि मी, अशा तिघांचे अर्थ होते. "आई, बांधणी सुटलीय, शहरातून नीट बांधून आणतो," असे म्हणून फथोनीने ती नेली. मीच फडक्यात गुंडाळून दिली. पोथी शहरात गेलीच नाही. अंगणापलीकडे देणगीतून बांधलेल्या मदरशाच्या नव्या इमारतीत, माझ्याच विद्यार्थिनींना बसवून, त्याने सगळे अर्थ पांढऱ्या रंगाने पुसून घेतले. मी तेव्हा अंगणात कसाव्याचे कंद सोलत होते.

"देणगीदारांना छापायला स्वच्छ प्रत हवी होती, आई."

"तुझ्या आजोबांचं अक्षर होतं ते."

"ते आता वाचतं कोण? पोरींना जावानीज नकोच आहे. बघ, पहिल्या पानावर तुझं नाव घालतोय."

माझे नाव! परक्याने केले असते तर भांडले असते. पोटच्या पोराने फसवले, तेव्हा मी उठून घरात आले.

४. त्यानंतर आठ महिने रोज दुपारी मी सगळे अर्थ तोंडपाठ सांगितले आणि इस्तिकोमाने उतरवून घेतले. नवऱ्याला कळले तेव्हा तो म्हणाला, "तू कोणाच्या बाजूची?" ती म्हणाली, "मी लिहितेय. मधे बोलू नका, ओळ चुकते." त्या एकेचाळीस वह्या तिच्या. अट एवढीच, की पडवीत मुलींना जावानीजमधूनच शिकवावे, आणि वह्या बांधणीसाठी कोणालाही देऊ नयेत.

५. हे कलम वेगळ्या पानावर दुमडून ठेवले आहे. शहरात शिकून परतल्यापासून फथोनी माझ्याशी देशाच्या सरकारी भाषेत बोलतो. आईशी बोलायची मानाची जावानीज त्याने सोडली. त्या मानाच्या बोलीत त्याने "आई रागावून गेली का?" असे विचारले, तरच हे वाचावे. नाही विचारले, तर पान माझ्याबरोबर पुरावे.

(दुमडलेल्या पानावर) हो, रागावूनच गेले. पोथीची माफी नाही. पण रोज दुपारी आंबवलेल्या सोयाबीनच्या तेम्पेचे दोन तुकडे तुझ्यासाठी काढून ठेवत होते. अंगण ओलांडून यायचे होते, एवढेच. आजही ठेवलेत. सही झाली की झाकण घालते.

साक्षीदार: पार्डियो, गावचे मोदिन, दफनविधी पाहणारे (सही)
सुंगकोनो, गावच्या वाद्यमेळातला गोंगवादक (अंगठा)

न्याइ रुकाय्याह (सही, जावानीज अक्षरांत)

केदुंगवारु, गुरुवार, जावानीज पाच वारांतला क्लिवॉन, १७ मुहर्रम १४४०