पुलावरून गेलेली कात्री

४ मार्च, बुधवार

"मावशी, ह्यात हसायचं कुठे ते तुम्ही बघूच नका. खोटं कुठे, तेवढंच बघा!" — इति चिंगी. चिंगी म्हणजे भाच्याच्या कार्यक्रमाची मुख्य लेखिका. वयाने माझ्या चष्म्याच्या पेटीहून लहान.

भाचा दर गुरुवारी रात्री उशिरा टीव्हीवर आधी सरकारची टिंगल करतो, मग एखाद्या नटाला किंवा नटीला समोर बसवून खेळवतो. आयुष्यभर अपिले चालवून निवृत्त झालेल्या मावशीला त्याने विनोद तपासण्यास बसवले आहे. प्रत्येक विनोदाखाली दोहोंपैकी एक शेरा: 'वस्तुस्थितीस धरून आहे', अथवा 'धरून नाही, काढावा'. हसू येते की नाही, हा प्रश्न माझ्या अधिकारक्षेत्राबाहेरचा!

आज एक विनोद अडला. "पूलमंत्र्यांनी नदीवरच्या नव्या पुलाचं तिसऱ्यांदा उद्घाटन केलं. आजवर त्या पुलावरून फक्त कात्री गेलेली आहे."

मी हरकत घेतली. कात्री आपण होऊन जात नाही; तिच्यामागे मंत्री असणार, मंत्र्यांपुढे छायाचित्रकार. 'फक्त' ह्या शब्दाला आधार काय? चिंगीने कपाळावर हात मारून घेतला. "तिघं गेले की विनोद मेला हो, मावशी!"

मरू दे. पुरावा आणा म्हणाले.

५ मार्च

चिंगीने तिन्ही उद्घाटनांची चित्रफीत आणली. सावकाश पाहिली. फीत पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी बांधलेली. मंत्री रस्त्यावर उभे. हात लांबवून कापतात, टाळ्या घेतात, मागे वळतात. तिन्ही वेळा बूट अलीकडेच. छायाचित्रकारही अलीकडेच. रेषा ओलांडली ती कात्रीच्या टोकाने — आणि केवळ कात्रीच्या टोकाने!

शेरा: वस्तुस्थितीस धरून आहे.

चिंगी खुर्चीवर चढून नाचली. विनोद राखून ठेवला आहे, कारण १९ तारखेला खुद्द पूलमंत्री पाहुणे म्हणून येणार आहेत. भाच्याला तो त्यांच्या तोंडावर सांगायचा आहे.

६ मार्च

एक गोष्ट येथे नमूद करणे प्राप्त आहे. ह्या प्रकरणात माझा हितसंबंध गुंतलेला आहे.

धाकटी बहीण — भाच्याची आई — नदीपलीकडे राहते. पूर्वी नाव होती; दर रविवारी मी जात असे. पहिल्या उद्घाटनानंतर नाव बंद केली, कारण पूल झाला. पुलावर अडसर तसाच, कारण पूल सुरू झालेला नाही. दोन्ही आदेश एकाच कचेरीचे! लांबचा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. तेवढे बसून राहणे माझ्या पाठीला आता झेपत नाही.

धाकटीची नजर दिवसेंदिवस जाते आहे. काल फोनवर म्हणाली, "ताई, आता माणसं रंगानं ओळखते गं. तू ती निळी साडी नेसून ये. पण लवकर ये. पुढेपुढे निळाही राहतो की नाही, कोण जाणे." आणि वर हसली. तिला कुठेही हसू येते. भाचा तिच्यावर गेला आहे.

१३ मार्च, शुक्रवार

कालची पाहुणी एक गाजलेली नटी. कार्यक्रमात 'उलटतपासणी' नावाचा खेळ आहे: भाचा साळसूद चेहऱ्याने प्रश्न विचारतो, आणि पाहुण्याने उत्तर टाळले की हातातले रबरी बदक दाबतो. ते बदक इतके निर्लज्जपणे ओरडते की भलेभले वरमतात.

"वय?" — "मनानं अजून लहान आहे हो मी..." — बदक.

"नव्या चित्रपटातला अभिनय कुणाचा आवडला?" — "सगळ्यांनीच मेहनत घेतलीय." — बदक! शेवटी तिनेच बदक हिसकावून भाच्याला विचारले, "तुझं लग्न का जमत नाही?" भाचा टाळूही शकला नाही अन् सांगूही शकला नाही. बदक तिने दाबले. सभागृह लोटपोट.

दुपारच्या तालमीत पाहुण्याच्या खुर्चीत मला बसवतात — दिवे, कॅमेरे जुळवायला. भाचा सराव म्हणून मलाही प्रश्न विचारतो. माझ्यावर बदक एकदाही वाजलेले नाही. त्याची मोठी खंत आहे!

१७ मार्च

वाहिनीच्या मालकांनी बोलावले. खोली काचेची, पाणी काचेच्या भांड्यात, बोलणे मात्र अपारदर्शक.

"मावशी, तुमचा अनुभव दांडगा. कात्रीच्या विनोदाखाली 'धरून नाही' एवढंच लिहा. मी कशाला काढू? कायदेशीर सल्ल्यानं निघाला, म्हणजे कुणाचं नावही नको आणि बोभाटाही नको."

"चित्रफीत आपण पाहिलीत?"

"चित्रफितीचं सोडा हो. मंत्री येतायत! आणि ऐकलं ते असं, तुमच्या बहीणबाई पलीकडे असतात. म्हणजे हा तुमचा घरचा राग."

मी म्हणाले, "फिर्यादी नदीपलीकडे राहते म्हणून नदी खोटी ठरत नाही."

हसले नाहीत. विनोद गेला तर कार्यक्रम राहील, विनोद राहिला तर कार्यक्रमाचं सांगता येत नाही, असे दरवाजापर्यंत पोहोचवताना म्हणाले. अत्यंत अदबीने. सुरी लोण्यात घालून द्यावी तसे.

शेरा बदललेला नाही.

१८ मार्च

रात्री झोप लागली नाही. ती भीतीने नव्हे, रागाने. शब्द विकायचाच होता, तर ऐन वकिलीत विकला असता. भाव तरी बरा आला असता!

सकाळी भाच्याला सारे सांगितले. तीस माणसांच्या पगाराचा प्रश्न आहे, हेही सांगितले. तो हातातले बदक खाली ठेवून उठला. मग चिंगीला म्हणाला, "काय करायचं?" चिंगी म्हणाली, "सगळ्यांना विचारू." दिवेवाल्यापासून झाडूवाल्या बाईंपर्यंत सर्वांना विचारले. रंगभूषाकार तेवढा म्हणाला, "मला दोन पोरं आहेत." कुणी त्याला बोलले नाही. मग तोच म्हणाला, "पण माझी सासुरवाडीही पलीकडेच आहे. होऊन जाऊ दे!"

१९ मार्च, दुपारी

मंत्र्यांचा निरोप: विनोद निघाल्याशिवाय येणे नाही. मालकांनी बदली म्हणून कुणी गायक सुचवला. भाचा फोनवर "बघतो" म्हणाला, आणि मग त्याने माझ्याकडे बघितले.

"मावशी, तालमीला पाहुण्याच्या खुर्चीत तुम्हीच बसता. आज रात्रीही बसा, मंत्री म्हणून."

मी नाही म्हणाले. मग माझे वकिलीतले गुरू आठवले. म्हणत, "प्रतिपक्षाची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली, तरच ती खोडायला उभी राहा." पूर्वपक्ष! आयुष्यभर तेच तर केले. नक्कल करणार नाही, मिशा लावणार नाही, आवाज बदलणार नाही. केवळ बाजू मांडीन — ह्या अटीवर होकार.

निळी साडी इस्त्रीला दिली आहे. पलीकडे टीव्हीच्या पुढ्यात कुणीतरी रंग पाहणार आहे.

२० मार्च

झाले.

कार्यक्रम थेट असतो. मालकांना कळेपर्यंत मी खुर्चीत होते. भाच्याने आधी कात्रीचा विनोद सांगितला — एकही शब्द न गाळता — आणि मग मला "मंत्रीमहोदय" म्हणून नमस्कार केला.

"तीनदा उद्घाटन कशासाठी?"

"पूल जाण्यासाठी असतो, हा गैरसमज आहे. पूल उद्घाटनासाठी असतो. लोक एकदा जाऊ लागले की उद्घाटन संपते. मी ते संपू दिलेले नाही."

"पण वापर?"

"वापरलेले पूल पडतात. न वापरलेला एकही पूल माझ्या कारकिर्दीत पडलेला नाही. आकडे तपासा."

"मग नाव का बंद केलीत?"

"पूल असताना नाव चालू ठेवणे म्हणजे पुलावर अविश्वास दाखवणे. सरकार अविश्वासाला उत्तेजन देत नाही."

लोक हसून बाके बडवत होते. मी हसले नाही. हसण्यासारखे काही नव्हते. प्रत्येक वाक्य त्यांच्याच तर्काने, ओळंब्यात धरून मांडले होते. बदक गप्प.

मग भाच्याने कागद बाजूला सारला. हा प्रश्न ठरलेला नव्हता.

"मंत्रीमहोदय, पलीकडे तुमचं कुणी राहतं का?"

क्षणभर दिव्यांखेरीज काही दिसेना. मंत्र्यांच्या वतीने उत्तर एकच होते, आणि ते सत्य होते. तेच दिले. "नाही. माझे पलीकडे कुणीही राहत नाही. म्हणून तर घाई नाही."

हशा थांबला. एकदम.

आणि त्या शांततेत भाच्याने बदक दाबले. माझ्यावर, पहिल्यांदाच! लोक पुन्हा हसले. त्यांना वाटले, मंत्र्यासाठी वाजले. त्याचे डोळे भरलेले मला दिसत होते. माझे त्याला दिसू दिले नाहीत.

२१ मार्च

कार्यक्रम 'पुढील सूचनेपर्यंत' बंद. माझी नेमणूक रद्द. कारण दिलेले नाही. मागितले आहे.

२३ मार्च

मालकांच्या सचिवांचा फोन. शेरा मागील तारखेने बदलून दिल्यास सर्वांना परत घेतील. "एका ओळीचा तर प्रश्न आहे, बाई!"

एका ओळीचाच आहे. म्हणून तर बदलणार नाही. पूल बंद आहे, ओळ उभी आहे. पुलाने बदलावे!

२७ मार्च

चिंगी आणि रंगभूषाकार घरी आले होते. जेवण, मग भांडण, मग नवे विनोद. भाचा तिसऱ्या गल्लीतले रिकामे गोदाम बघून आला आहे. खुर्च्या ज्याने त्याने आपल्या आणायच्या. मी पाहुण्याची देणार आहे.

२ एप्रिल

पहाटे पुलावरचा अडसर काढला. फीत नाही, मंत्री नाहीत, टाळ्या नाहीत, चोरासारखा उघडला. निळी साडी नेसून चालत गेले. धाकटी दारात उभी होती. चेहरा अगदी जवळ आणून म्हणाली, "टीव्हीवर जाड दिसतेस गं, ताई."

कात्रीचा विनोद: वस्तुस्थितीस धरून नाही. काढावा.